ग्रुपवर बातमी आधी पोचते, मग वार्ताहराने करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तालुक्याच्या बातम्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवता, सभासद हजाराला टेकलेत. गेल्या महिन्यात 'शाळकरी मुलीचं अपहरण' असा मजकूर फोटोसकट तुमच्या ग्रुपवरून फिरला, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी मामाच्या घरी असल्याचं कळलं. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. तुम्ही विचारता, मोबाइलने बातमी बिघडवली का, पेपरचा वार्ताहर आणि ग्रुपचा ॲडमिन यांच्यात आता फरक काय, आणि ग्रुप बंदच करून टाकावा का.

ग्रुप बंद करू नका. तुम्ही बंद केलात तर त्याच हजार माणसांचा दुसरा ग्रुप आठवड्यात उभा राहील, आणि तो चालवणाऱ्याची झोप उडेलच असं नाही. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र जरा लांबून यावं लागेल.

मी बागलाण-मालेगाव पट्ट्यात ३१ वर्षं वार्ताहर म्हणून काम केलं. सुरुवात १९९२ ची. तेव्हा बातमी कागदाच्या एका बाजूला लिहायची, पाकिटात घालायची, वर दैनिकाचं नाव ठळक लिहायचं आणि दुपारची नाशिकची एसटी गाठायची. कंडक्टर पाकीट घ्यायचा, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर कार्यालयाचा मुलगा ते उचलायचा, आणि संध्याकाळी ते डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकांच्या टेबलावर, फुटायचं. गाडी चुकली की बातमी एक दिवस शिळी. फारच तातडीचं असेल, म्हणजे अपघात, दंगल, मोठा खून, तर एसटीडी बूथवर रांग लावून फोन करायचा. पलीकडे उपसंपादक हाताने लिहून घ्यायचा.

लिहून घेता घेता तो प्रश्न विचारायचा. कुणी सांगितलं? पंचनामा झाला का? ठाण्यात नोंद कितीला झाली? मयताचं वय? आडनाव 'पवार' की 'पगार'? जखमी कुठल्या दवाखान्यात आहेत, तुम्ही जाऊन आलात का? एखाद्या प्रश्नाला मी अडखळलो की म्हणायचा, 'मग उद्या घेऊ.' बूथवर मागे लोक खोळंबलेले, मीटर पळतंय, आणि हा माणूस आडनावावर अडून बसलाय. मला त्याचा फार राग यायचा. आता तो माणूस हयात नाही, आणि आठवण आली की वाटतं, माझ्या नावावरच्या कितीतरी बातम्या खऱ्या ठरल्या त्या त्याच्या हट्टामुळे.

त्या काळी गावातली घटना वाचकाच्या हातात पडेपर्यंत पाच-सहा माणसांच्या हातून जायची. सांगणारा, पोलीस पाटील, ठाणे अंमलदार, मी, उपसंपादक, मुद्रितशोधक. यातला प्रत्येक जण ती अडवू शकत होता, निदान 'कशावरून?' विचारू शकत होता. मोबाइलने बातमीचा वेग वाढवला असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की वाटेवरची ही माणसं गेली. तुमच्या ग्रुपवर तो मजकूर आला, तुम्ही तो पुढे ढकलला. या दोन क्षणांच्या मध्ये 'कशावरून?' विचारणारं कुणीही नव्हतं. चूक तिथे झाली.

आता लगेच जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नका, मीही गाणार नाही. तीच माणसं खोट्याला अडवायची तशी खऱ्यालाही अडवायची. कुणाची बातमी लागायची आणि कुणाची टोपलीत जायची, याला जात होती, पैसा होता, पुढाऱ्याशी असलेली ओळख होती आणि डांबरी रस्त्यापासूनचं अंतरही होतं. आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या बायका उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायच्या. मी चार उन्हाळ्यांत चार वेळा ती बातमी पाठवली. लागली एकदा, सहाव्या पानावर, तीन ओळी. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच पाड्यावरच्या बारावीतल्या मुलीने आईला विहिरीत उतरताना मोबाइलवर टिपलं. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ फिरत फिरत तहसील कचेरीत पोचला आणि आठव्या दिवशी टँकर सुरू झाला. तिने ना कुठल्या डेस्कची परवानगी घेतली, ना माझी. ते बघून मला आनंदही झाला आणि माझ्या चार बातम्यांची लाजही वाटली.

आणि जिथे हे यंत्र पोचत नाही तिथे काय होतं तेही आठवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. बाहेर ते पहिल्यांदा कळलं एसटीच्या चालकामुळे. सकाळची गाडी घेऊन तो आला तेव्हा गावाच्या जागी नुसता चिखल होता. १५१ माणसं गेली. हातोहाती मोबाइल झाले असं आपण म्हणत होतो त्या वर्षातली ही गोष्ट.

म्हणून 'मोबाइलने बातमी बिघडवली का' या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही. अफवा तर आधीही होत्याच. तुमचं वय कमी असेल तर घरच्या मोठ्यांना २१ सप्टेंबर १९९५ बद्दल विचारा. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला लागला. भारतात मोबाइल फोन सुरू होऊन तेव्हा दोनच महिने होत होते, आणि तो मूठभर श्रीमंतांकडे होता. अफवा पळाली ती घरच्या काळ्या फोनवरून आणि एसटीडी बूथवरून. सकाळी दिल्लीत सुरू झालं आणि दिवस मावळायच्या आत लंडन-न्यूयॉर्कच्या देवळांतही लोक चमचे घेऊन उभे होते. आमच्या तालुक्यात दुधाचा भाव त्या दुपारी दुप्पट झाला, हे मी स्वतः लिहिलंय. पण मग दिल्लीहून शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवला. मूर्तीच्या सोंडेला लागलेलं दूध पृष्ठताणामुळे वर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन अंगावरून खाली उतरतं, ते रंगामुळे डोळ्यांना दिसलं. आमच्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी चौकात तोच प्रयोग केला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खुलासा होता, आणि ज्यांनी दूध पाजलं होतं त्यांनीच तो वाचला. अफवा आणि खुलासा त्याच पेपरात, त्याच वाचकाकडे यायचे. आज खोटं एका ग्रुपवर येतं आणि खुलासा दुसऱ्याच. ज्याने खोटं वाचलं त्याला खुलासा भेटतच नाही.

दुसरा फरक असा, की १९९५ ची अफवा ज्याला त्याला स्वतः चमचा धरून तपासता येत होती. २०१८ च्या अफवेला तशी सोय नव्हती.

२०१८ च्या मे-जूनमध्ये तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. मोटारसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि निघून जातात. खाली मजकूर: आपल्या जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा. तो व्हिडिओ कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने जनजागृतीसाठी तो बनवला होता. मूळ व्हिडिओत ते दोघं परत येतात, मूल खाली सोडतात आणि संदेशाचा फलक उघडून दाखवतात. कुणीतरी शेवटचा तेवढा भाग कापला. काही सेकंद गेले आणि जनजागृतीचा व्हिडिओ गुन्ह्याचा पुरावा बनून देशभर फिरला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आसामात कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण मारले गेले, आणि आपल्याकडे वैजापूर तालुक्यातल्या चांडगावला चोर-दरोडेखोर समजून दोघं.

मग १ जुलै २०१८. रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं तिथे भिक्षा मागत आली होती, मंगळवेढ्याकडची. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारा हा समाज. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. पाच माणसं. ज्या मोबाइलवर कराचीचा व्हिडिओ आला होता, त्याच मोबाइलवर या मारण्याचेही व्हिडिओ निघाले आणि तेही फिरले.

मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. गाव ओस होतं, अटकेच्या भीतीने माणसं निघून गेली होती. बाजाराच्या जागेवर पिशव्या, टोमॅटो, एक चप्पल. मला तिथे एक गोष्ट सारखी टोचत राहिली. डवरी गोसावी या भागाला नवे नव्हते. माझ्या लहानपणी आमच्या दारात ते यायचे, आजी त्यांना पसाभर धान्य घालायची, ते डमरू वाजवून आशीर्वाद देऊन जायचे. ज्यांना आजी ओळखत होती त्यांना नातू ओळखत नव्हता. ओसरीवरच्या ओळखी आटत गेल्या होत्या, ती मोकळी झालेली जागा मोबाइलवरच्या भीतीने भरली. मोबाइलला सगळा दोष देणाऱ्यांना मी हे सांगतो. त्या व्हिडिओने आग लावली, पण वाळलेलं गवत आधीपासून होतं.

राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावात हुबेहूब तोच प्रसंग उभा राहिला. पाच जण, त्यात एक लहान मूल, मुलं पळवणारे म्हणून जमावाने घेरले. पण पोलिसांनी त्या पाचांना जमावाच्या हातून सोडवलं आणि ते वाचले. अंतर किती, तर गाडीने काही तासांचं. अफवा तीच, जमावही तसाच. पोलीस ठाणं किती जवळ आणि मध्ये पडणारं माणूस किती लवकर पोचतं, यावर पाच जीव गेले किंवा राहिले. तुम्ही ग्रुप चालवता म्हणून ही दोन्ही नावं, राईनपाडा आणि मालेगाव, शेजारी शेजारी लिहून ठेवा असं मी म्हणेन.

त्यानंतर वरून काही उपाय झाले, ते पटकन सांगतो. व्हॉट्सॲपने त्याच जुलैत पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण द्यायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मजकूर, ज्यावर दोन बाण दिसतात, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात नोडल, म्हणजे या कामाची जबाबदारी असलेला, अधिकारी नेमायला सांगितलं आणि वेगळ्या कायद्याचा विचार करा असं संसदेला सुचवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडीने केलेल्या खुनाला कलम १०३ मध्ये स्वतंत्र जागा आहे. हे सगळं हवंच होतं. तरी १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या ऐन भरात, डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघं मारले गेलेच. कारण पुन्हा तेच, चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत ही अफवा. आणि त्यावर दुसरी अफवा चढली: मारणारे अमुक धर्माचे होते. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. पहिल्या अफवेने तिघांचा जीव घेतला, दुसरी सगळा देश पेटवायला निघाली होती, आणि ती पसरवणारे चांगले शिकले-सवरलेले, शहरात राहणारे लोक होते. गावंढळ माणसंच अफवेला बळी पडतात असं कुणी म्हणालं की मला त्या आठवड्याची आठवण होते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात मला रात्री साडेनऊला एक पत्र आलं: वरच्या धरणातून विसर्ग वाढवणार, नदीकाठच्या वस्त्यांनी स्थलांतर करावं. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता, तारीखही त्याच दिवसाची. मी ते तीन ग्रुपवर टाकलं. माझं नाव बघून लोकांनी विश्वास ठेवला. नदीकाठच्या वस्तीने अंधारात, भर पावसात सामान उचललं. त्या धावपळीत एक सत्तरीच्या आजी घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकरा वाजता मी पत्र पुन्हा उघडून मोठं केलं, तेव्हा दिसलं: दिवस तोच, महिना तोच, साल आदल्या वर्षीचं. तो उपसंपादक असता तर त्याने साल विचारलं असतं. एसटीडी बूथवर उभं राहून उत्तर द्यायची ज्याला इतक्या वर्षांची सवय, त्याने खिशात मोबाइल आल्यावर प्रश्न विचारायचं सोडलं. आजींच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात बसून होतो. त्या पुढे काठी घेऊनच चालल्या.

तेव्हापासून मी जे पाळतो आणि नव्या मुलांना शिकवतो ते तुम्हाला देतो. त्याचा गाभा एकच आहे, वाटेवरची माणसं परत आणायची. तुमच्या मोठ्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग आजच करा. आणि सहा-सात जणांचा एक वेगळा लहान ग्रुप बनवा, तो तुमचा डेस्क. त्यात एक आशाताई घ्या, एसटीच्या बसस्थानकावरचा वाहतूक नियंत्रक, एखादा मेडिकलवाला, एक शिक्षक, एक पोलीस पाटील. सगळे एकाच गल्लीतले, एकाच समाजाचे घेऊ नका; एक मुस्लिम मोहल्ल्यातला, एक पाड्यावरचा, एक भटक्या समाजातला हवाच. राईनपाड्याच्या बाजारात 'अरे, हे तर डवरी गोसावी, दरवर्षी येतात' असं म्हणणारा एक जण वेळेत बोलला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. काहीही मोठं आलं की आधी या सहा-सातांना विचारा. त्यातले दोघं 'थांबा' म्हणाले तर थांबा.

विचारायचं काय? आमच्या बोलण्यातला एक शब्द मला फार खटकायला लागलाय. कुणाला विचारलं, ही बातमी कुठून? तर उत्तर मिळतं, 'ग्रुपवर आली.' आली! पाऊस येतो तशी बातमी येते, तिला कर्ताच नसतो. तुम्ही कर्ता शोधा. ज्याने पाठवलं त्याला फोन करा, मेसेज नव्हे, फोनच, आणि विचारा: तू पाहिलंस, कुणाकडून ऐकलंस, की तुला आलं? 'पाहिलं' म्हणाला तर कुठे उभा होतास, किती वाजता, सोबत कोण. 'ऐकलं' म्हणाला तर ज्याच्याकडून ऐकलं त्याचा नंबर घ्या. 'आलं' म्हणाला तर तिथेच पूर्णविराम. माझ्या अनुभवात तीन फोनच्या आत बहुतेक अफवा 'आलं' वर येऊन आपटतात. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून वाचक तुटतो असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून एकदा बघा आणि मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच आहे का? दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? एसटी दिसते ती लाल आपली, की दुसऱ्या राज्याची? मुलांचे गणवेश, लोकांचे कपडे, रस्ता ओला की कोरडा, आणि आपल्याकडे आज पाऊस आहे का? मागे बोलणाऱ्यांची बोली कुठली? आमच्याकडचा म्हणून फिरवलेल्या व्हिडिओत एकही माणूस अहिराणी बोलत नसेल तर मला तिथेच शंका येते. मग एखादं ठळक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. जुना व्हिडिओ असेल तर बऱ्याचदा त्याचं मूळ सापडतं. एका दृश्यावर सापडलं नाही तर दुसरं, तिसरं घ्या. सरकारी पत्र असेल तर जावक क्रमांक आणि साल, आणि ज्या कार्यालयाचं पत्र आहे तिथे फोन. साल मी का म्हणतोय ते तुम्हाला कळलंच आहे.

आता तुमच्या त्या मुलीबद्दल, कारण यात एक आतली गोष्ट आहे जी नव्या मुलांना कुणी सांगत नाही. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. आधी भारतीय दंडविधानाचं ३६३ लागायचं, आता न्याय संहितेचं १३७. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, आणि ते योग्यच आहे. त्याआधी 'येईल परत' म्हणून आईबापांना घालवून दिलं जायचं. पण त्यामुळे मुलगी रागावून मामाकडे गेली तरी कागदावर 'अपहरण' हाच शब्द येतो. ठाण्यातून कुणीतरी त्या फिर्यादीचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, वाचणारा 'अपहरण' वाचून 'टोळी' समजतो. पेपरवालेही हाच घोळ करतात, 'जिल्ह्यात महिन्यात इतकी अपहरणं' असा मथळा लावून. तुम्ही ठाणे अंमलदाराला एक प्रश्न विचारला असता, 'मुलगी घरातून निघून गेली की कुणी नेलं?', तर बातमी 'मुलगी बेपत्ता, शोध सुरू' अशी झाली असती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि शोधालाही मदत झाली असती.

मूल हरवल्याचा मजकूर टाकताना चेहरा, कपडे, शेवटचं कुठे दिसलं, ठाण्याचा क्रमांक आणि १०९८ किंवा ११२ एवढंच असू द्या. बापाचा मोबाइल नंबर टाकू नका, रात्रभर लोक त्याला छळतात. आणि प्रकरणात अत्याचाराचा संशय जरी आला तरी फोटो, नाव, शाळा, गाव, घरच्यांची नावं, ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही. पोक्सो कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे, आणि ते पेपरइतकंच तुमच्या ग्रुपलाही लागतं. सभासदांनी काही टाकलं तर ॲडमिन आत जातो का, असंही तुमच्या मनात असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला तो केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. पण जे तुम्ही स्वतः पुढे पाठवलंत त्याला हे लागू नाही. तिथे तुम्ही ॲडमिन नसता, पाठवणारे असता.

दुरुस्ती कशी करायची, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. तोपर्यंत तो मजकूर चाळीस ग्रुपवर गेलेला असतो आणि तिथून तुम्हाला तो काढता येत नाही. दुरुस्तीचा मजकूर असा लिहा की तो एकटाच पुढे पाठवता येईल. तारीख, आधी काय पाठवलं होतं ते एका ओळीत, खरं काय आहे ते दोन ओळींत, कुणाकडून खात्री केली, खाली तुमचं नाव. पेपरात बातमी पहिल्या पानावर आणि दिलगिरी सातव्या पानाच्या कोपऱ्यात छापायची वाईट खोड आहे. ती तुम्ही उचलू नका. सोबत आवाजात बोललेला एक निरोप पाठवा, आणि तो आपल्या बोलीत. मी आजही दुरुस्ती अहिराणीत बोलून पाठवतो. ज्यांना वाचायचा कंटाळा येतो किंवा वाचता येत नाही अशी खूप माणसं ग्रुपवर आहेत. त्यांच्यापर्यंत अफवा व्हिडिओने पोचते, मग खुलासा छापील भाषेत पाठवून कसं चालेल?

पैशाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण दोन वाक्यं सांगतो. तालुक्याचा वार्ताहर पगारावर जगत नव्हता, जाहिरातींच्या कमिशनवर जगत होता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या भरून त्याचं घर चालायचं, आणि म्हणूनच त्या पुढाऱ्यांबद्दल तो गप्प राहायचा. तुमच्या ग्रुपलाही उद्या कुणीतरी दरमहा पैसे देऊ करेल. दुकानांच्या जाहिराती घ्या, वर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहून. पुढाऱ्याचे पैसे घेऊ नका.

वार्ताहर आणि ॲडमिन यांच्यातल्या फरकाबद्दल म्हणाल, तर ओळखपत्राने तो पडत नाही. मला ओळखपत्र होतं त्या रात्री मी साल बघितलं नव्हतं. तुमच्याकडे ओळखपत्र नाही, तरी एका चुकीच्या मजकुरावर महिनाभर तळमळता आहात आणि सविस्तर लिहून विचारता आहात. हे काम ज्याला जमेल अशा माणसाचं लक्षण मी यालाच मानतो.

आता एक करा. आज संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जा. फोनवर नको, प्रत्यक्ष जा, बरोबर तुमच्या बहिणीला किंवा आईला न्या. माफी मागा आणि तिला, तिच्या आईला विचारा की दुरुस्ती कशी हवी. काही घरांना वाटतं नाव न घेता 'त्या दिवशी पाठवलेला मजकूर चुकीचा होता' एवढंच जावं; काहींना वाटतं सगळं स्पष्ट लिहावं, कारण शाळेत पोरं चिडवतात. ती म्हणेल तसं करा. तिचा फोटो अजून कुठल्या कुठल्या ग्रुपवर आहे हेही तिलाच विचारा, तिला ते तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असेल. त्या त्या ॲडमिनला तुम्ही स्वतः फोन करून तो काढायला सांगा. मग दुरुस्तीचा मजकूर लिहा आणि पाठवायच्या आधी मला दाखवा. मी तारीख, साल आणि आडनाव तपासून देतो.